टुणुक त्रेसष्ट वेळा पडला

३ मार्च, सोमवार

आज त्रेसष्ट वेळा पडले. खरं तर टुणुक पडला, पण बटणावर अंगठा माझा होता, तेव्हा पडले मीच.

टुणुक म्हणजे टोळ. हिरवागार, गुडघे डोक्याच्या वर आलेले, चेहरा भाबडा. तळहातात मावणाऱ्या व्हिडिओ गेमच्या पडद्यावर तो डावीकडून उजवीकडे चालत राहतो, आणि मी बटण दाबलं की उडी मारतो. निदान मारायला हवी. पहिला टप्पा स्वयंपाकघरातली फळी, दुसरा खिडकीची चौकट, तिसरा कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर चिमटे आहेत आणि एका चिमट्यावरून दुसऱ्यावर जायचं आहे. असे सात टप्पे. मी तिसऱ्यावर अडकले आहे.

आमचं मासिक मुलांसाठी काय घ्यावं ते सांगतं. शाळांची वाचनालयं आमच्या वार्षिक यादीवरून पुस्तकं आणि खेळ मागवतात. पाचपैकी तीनच्या खाली तारे पडले की वस्तू यादीतून गेलीच. हा माझ्या सहीचा पहिला अहवाल. महिनाअखेर उमेदवारीचे सहा महिने संपतात. अहवाल चांगला उतरला तर मी कायम होईन. घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि टेबलखुर्चीची कायम नोकरी मिळाली तर तीही पहिलीच. बाबा आत्तापासून सगळ्यांना सांगत सुटलेत, "आमची पोरगी परीक्षक आहे." कशाची, ते सांगत नाहीत.

तपासणी-तक्त्यावर सगळ्यात वर ठळक छापलंय: 'खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय गुण देऊ नयेत.' खाली बत्तीस प्रश्न. नववा प्रश्न: 'अपयश आल्यावर हा खेळ मुलाला काय शिकवतो?' मला आज शिव्या शिकवल्या. तक्त्यात तसं लिहिता येणार नाही.

४ मार्च

एकेचाळीस. प्रगती म्हणावी, तर आज खेळलेच कमी.

६ मार्च, गुरुवार

लहानपणी आमच्याकडे असला खेळ नव्हता. वर्गातल्या मुलींकडे असायचा, मी मधल्या सुट्टीत त्यांच्या खांद्यावरून बघायचे आणि मनात म्हणायचे, वेळ वाया घालवतात. आता कळतंय, माझं डोकं शिकलं आणि अंगठे अडाणी राहिले.

सरांना, म्हणजे संपादकांना, विचारलं की एवढं अडकल्यावर काय करायचं. माझ्याआधी खेळांचे अहवाल तेच लिहायचे.

"पूर्ण खेळायचा?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "अगं, नियम छापलेला असतो. दोन टप्पे बघ, चित्रं बघ, आवाज किती कटकटीचा आहे ते लिही. झालं."

"पण सर, तक्त्यावर सही करताना 'पूर्ण खेळले' असं लिहावं लागतं."

"मग लिही."

पानांची मांडणी करणाऱ्या ताई समोरच्या टेबलावर बसतात. त्या मान वर न करता म्हणाल्या, "काय तपासनीस बाई, आज किती बळी घेतलेत?"

असल्या ठिकाणी तत्त्वानं वागणारं माणूस विनोदाचा विषय होतं. होऊ दे. मी सातही टप्पे खेळणार. ऑफिसचा खेळ, म्हणजे सगळे खेळ ज्यावर तपासतात ते हातातलं यंत्र, सरांची लेखी परवानगी घेऊन घरी आणलाय. जुना आहे, कोपरे झिजलेत, पडद्यावर कुणाच्या तरी चहाचा डाग आहे. पण चालतो.

८ मार्च, शनिवार

संताप झालाय. आईनं तिसरा टप्पा पार केला!

मी भांडी घासायला उठले, तर ही पदराला हात पुसून सोफ्यावर बसली आणि खेळ उचलला. मी परत आले तेव्हा टुणुक दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून पाय घासत होता.

"आई! हे कसं केलंस?"

"काय कसं? एक-दोन-तीन म्हणायचं आणि टुणकन जायचं."

"मी शंभर वेळा पडलेय तिथे."

"तू पार काठावर गेलीस की दाबतेस. बटण जरा उशिरा ऐकतंय. म्हणून आधीच सांगून ठेवायचं."

आईचं हे असंच. आमचा मिक्सर रुसतो, पंख्याला सर्दी होते, कुलूप आडमुठं आहे. तिच्यासाठी वस्तूंना स्वभाव असतात. मी तिला समजावलं की खेळात काठावरच दाबायचं असतं, पुस्तिकेत तसं चित्र आहे. तिनं पुस्तिका लांब धरून पाहिली, म्हणाली, "चित्र छान आहे," आणि चौथा टप्पा सुरू केला.

आई एकोणीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं करते. दिवसाला शेकडो काजं. तिचे हात म्हणजे यंत्रच झालेत. हे मी तक्त्यात कुठे आणि कसं मांडावं?

९ मार्च, रविवार

आई पाचव्या टप्प्यावर. दुपारभर. भाजी लागली करपायला तरी हिचं लक्ष नाही. बाबा म्हणाले, "परीक्षक नक्की कोण आहे या घरात?" मी खोलीत निघून आले. आतूनही ऐकू येत होतं: टुण, टुण, टुण. आणि मधेच आईचं हसणं. असं खिदळताना मी तिला शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही.

पण माझ्यापुढे प्रश्न हा आहे: खेळ आईनं पुरा केला तर मी 'पूर्ण खेळले' असं लिहिणं प्रामाणिक ठरेल का?

११ मार्च, मंगळवार

आई कारखान्यातून वैतागून आली. तिच्या नेहमीच्या सात नंबरच्या मशीनवर नवी मुलगी बसवली होती, तिनं सकाळपासून तीस-पस्तीस काजं वाकडी केली. सुपरवायझरनं तिला सगळ्यांसमोर झापलं आणि धागे कापायला पाठवलं. सातवर परत आईला बसवलं.

"रडत होती गं पोर. हात चांगला आहे तिचा. पण सात नंबर कुणालाच जमत नाही. माझ्याशिवाय."

शेवटचे दोन शब्द तिनं जरा ऐटीतच म्हटले. मी म्हटलं, "बघ, अनुभवाला पर्याय नाही." आणि तिथेच मला अहवालाचा मुद्दा सापडला! आईला खेळ जमतो, कारण तिच्या हातात एकोणीस वर्षांचा सराव आहे. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाकडे तो कुठून येणार? जो खेळ कसलेल्या कामगारालाच जमतो, तो मुलांसाठी कसा? लगेच टिपून ठेवलं.

१३ मार्च, गुरुवार

नियमाप्रमाणे एका मुलाकडून अर्धा तास खेळून घ्यायचं असतं. मांडणीवाल्या ताईंची आठ वर्षांची मुलगी शाळेतून ऑफिसात आली. ताई तिला पिटुकली म्हणतात. फळी, खिडकी कशीबशी पार. दोरीवर अठरा वेळा पडली. आधी हसत होती, मग गप्प झाली, मग ओठ काढले.

"मला येतच नाही," ती म्हणाली. "मी ढ आहे."

मला गलबलून आलं. मी तिला म्हटलं, "तू ढ नाहीस. खेळ वाईट आहे."

ताई म्हणाल्या, "घरी तर असल्या खेळांत हिचा हात कुणी धरू शकत नाही. आज काय झालं काय माहीत." आईचं मन, दुसरं काय.

१५ मार्च, शनिवार

अहवाल लिहून झाला. शीर्षक: 'चिकाटीची थट्टा'. दोन तारे.

यातली काही वाक्यं मला स्वतःलाच आवडली आहेत. 'मूल योग्य वेळी योग्य गोष्ट करतं आणि तरीही त्याला शिक्षा होते. अशा खेळातून ते एवढंच शिकतं, की चूक आपलीच असणार.' पूर्ण खेळण्याबद्दल खरं तेच लिहिलं: 'पुढचे टप्पे घरातील अनुभवी व्यक्तीच्या मदतीने पाहिले.' आईनं सातवा टप्पा अजून पुरा केलेला नाही, पण ती म्हणते, दोन दिवस दे.

१७ मार्च, सोमवार

सरांनी अहवाल वाचला. 'घरातील अनुभवी व्यक्ती' लाल पेनानं खोडली, बाकीचा तसाच ठेवला. "जोर आहे तुझ्या लिहिण्यात," म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदा! "आणि बरोबरच आहे तुझं. मीही कायम हेच लिहीत आलो. हल्लीच्या खेळांत उड्याच नीट लागत नाहीत. कुणी मेहनत घेत नाही."

घरी सांगितलं तर बाबांनी खांदे थोपटले. आई म्हणाली, "दोनच तारे? अगं, चांगला आहे की टुणुक."

"आई, तुझ्या आवडीचा प्रश्न नाही. निकष असतात."

"असतात ना," आई म्हणाली आणि उठून पोळ्या करायला गेली.

१९ मार्च, बुधवार

छापण्याआधी अहवाल निर्मात्याला दाखवतात, तपशील चुकू नये म्हणून. आज उत्तराऐवजी टुणुक करणाऱ्या बाईच थेट आल्या. चाळिशीच्या, उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. हा खेळ त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं दोघींनीच केलाय, चार वर्षं लागली. टुणुकचं प्रत्येक चित्र हातानं काढलेलं. यादीत नाही आला तर पुढचा खेळ करणं होणार नाही, असं त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. रडगाणं नाही. मला ओशाळल्यासारखं झालं, पण परीक्षकानं विरघळून चालत नाही.

त्यांनी पर्समधून स्वतःचा खेळ काढला आणि माझ्यासमोर दोरीचा टप्पा एका दमात पार केला. मी म्हटलं, "तुम्हाला जमणारच. तुम्हीच केलाय."

"हो, तेही खरं." मग त्यांनी विचित्रच प्रश्न विचारला. "तुम्ही पडता तेव्हा उडी मारून पडता, की उडी लागायच्या आधीच?"

"आधीच."

"नेहमी?"

"नेहमी."

"आणि अहवालातली ती छोटी मुलगी?"

"तीही."

त्या माझ्या टेबलावरच्या ऑफिसच्या खेळाकडे बघत राहिल्या. "हा किती वर्षांचा आहे हो?"

सर आतून म्हणाले, "बाई, खेळाबद्दल बोला. आमच्या सामानाची चौकशी कशाला?"

बाईंचा चेहरा क्षणभर ताठ झाला. मग त्यांनी स्वतःचा खेळ माझ्या हातात दिला. "चार दिवस ठेवून घ्या. यावर खेळून बघा. मी जास्त काही बोलत नाही, नाहीतर म्हणाल, बाई आपलंच घोडं पुढे दामटतेय."

त्यांच्यासमोर मी त्याला हात लावला नाही. निर्मात्याच्या वस्तूवर परीक्षा करणं बरं दिसत नाही. त्यांनी त्यात काही सोपं करून ठेवलं असेल तर?

२२ मार्च, शनिवार

सगळं क्रमानं लिहून ठेवते.

ऑफिसच्या खेळाची बॅटरी संपली होती. आईला सातवा टप्पा करायचा होता, ती मागेच लागली, तेव्हा मी बाईंचा खेळ तिला दिला. तो सुरुवातीपासून खेळावा लागणार होता. ती म्हणाली, "त्यात काय, डोळे मिटून करीन."

आई पहिल्याच फळीवर पडली.

परत पडली. खिडकीवर चार वेळा. दोरीवर तर पहिल्याच चिमट्यावरून. टुणुक काठाच्या बोटभर आधीच उडी मारायचा आणि मधल्या मोकळ्या जागेत पडायचा. सोळा वेळा मोजलं मी. आईनं खेळ उलटा करून बघितला, हलवला, कानाला लावला.

"हा बिघडलाय," ती म्हणाली. "फार घाई करतो. बोलायच्या आधीच ऐकतो."

मी तिच्या हातातून घेतला. पुस्तिकेतल्या चित्रासारखं, टुणुक पार काठावर आल्यावर दाबलं. तो गेला. पुढचा चिमटा. गेला. मी, जिचे अंगठे अडाणी आहेत, ती दोरीच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली.

ऑफिसचा खेळ चार्ज झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बटणं दाबली. आमच्याचं बटण पार तळापर्यंत रुतल्याशिवाय लागतच नाही. खालचं रबर चेपलंय, कडेला चिकट काहीतरी आहे. बहुतेक तोच चहा.

"मी सांगितलंच होतं," आई म्हणाली. "उशिरा ऐकतंय म्हणून."

"मग बिघडलंय असं का नाही म्हणालीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बिघडलंय कुठे? चालतंय की. आपण सांभाळून घ्यायचं."

मी आठ तारखेचं पान काढून वाचलं. तिचं वाक्य मी शब्दशः लिहून ठेवलंय. खाली मिक्सर आणि पंख्याचे विनोदही केलेत. पदवी घेतलेलं माणूस एवढं ठार बहिरं असू शकतं!

आणि पिटुकली. ती म्हणाली मी ढ आहे, आणि मी तेच कागदावर खेळाच्या माथी मारलं.

२४ मार्च, सोमवार

सकाळी लवकर जाऊन जुने अहवाल काढले. दोन वर्षांत त्याच यंत्रावर नऊ खेळ तपासले गेलेत. नऊही अहवालांत एक वाक्य सारखं आहे: 'उड्या अचूक लागत नाहीत.' नऊपैकी सात यादीबाहेर. सगळ्यांवर सरांची सही, आणि सहीच्या वर 'पूर्ण खेळला'.

सरांसमोर दोन्ही खेळ ठेवले. "सर, दोन्हीवर एकेक उडी मारून बघा."

त्यांनी हात लावला नाही. मी सगळं सांगितलं. ऐकताना ते पेनाचं टोपण काढत-लावत होते.

"ठीक आहे. टुणुकला चार तारे दे, विषय संपव. जुनं उकरायची गरज नाही."

"पण ते सात जण..."

"त्यांनी तक्रार केलीय?"

"त्यांना वाटलं असेल, चूक आपलीच."

सर खुर्चीत मागे रेलले. "हे बघ. पुढच्या सोमवारी तुझ्या नेमणुकीवर मला अभिप्राय द्यायचाय. चांगला द्यायचाय. तू हुशार आहेस. उगाच शहाणपणा करून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस."

बाबांचा थोपटणारा हात आठवला. मी 'विचार करते' म्हणाले आणि बाहेर आले. विचार काय करायचा होता? घाबरले होते, इतकंच.

२५ मार्च, मंगळवार

परीक्षकाच्या सहीशिवाय पान छपाईला जात नाही. मी दोन कागद घेऊन गेले. एक, टुणुकचा नवा अहवाल: चार तारे. एक तारा कापला, कारण आवाज खरंच कटकटीचा आहे. दुसरा, सहा ओळींची दुरुस्ती: नऊ खेळांची नावं, बटण सदोष होतं, सगळे पुन्हा तपासू. म्हटलं, दोन्ही छापलीत तर सही करते.

सर एवढे लाल झाले की मला त्यांचीच काळजी वाटली. "तू मला अट घालतेस? कालची पोर!"

मांडणीवाल्या ताई कधीच मधे पडत नाहीत. आज त्या शांतपणे म्हणाल्या, "शेवटच्या पानावर सहा ओळींची जागा आहे, साहेब. बारीक टाइपात बसते." मग माझ्याकडे न बघता, "माझी पोर बारा दिवस खेळाला हात लावत नाहीये."

सरांनी दुरुस्तीचा कागद ओढून घेतला, सहाही ओळी मोजल्या. मग म्हणाले, "बारीक टाइपातच."

३१ मार्च, सोमवार

कायम केलं नाही. उमेदवारी तीन महिने वाढवली. अभिप्राय: 'कामात काटेकोर. वरिष्ठांशी वागण्यात लवचीकता हवी.' नऊ खेळ पुन्हा तपासायचं काम माझ्याकडेच, नेहमीच्या कामाखेरीज. शिक्षाच आहे ही. खेळवाल्या बाईंनी फोन केला, त्यांचं यंत्र ते काम होईपर्यंत ऑफिसात राहू दे म्हणाल्या.

बाबांना सांगताना रडू आलं. त्यांना नीट कळलं नाही, पण म्हणाले, "म्हणजे काढलं तर नाही ना?" आई बराच वेळ मला बटणाचं सगळं पुन्हा विचारत बसली. रबर कुठे असतं, ते चेपलंय हे कसं ओळखायचं, बदलायला किती वेळ लागतो. माझी नोकरी टांगणीला लागलीय आणि हिला रबराचं पडलंय!

३ एप्रिल, गुरुवार

आई आज घरात शिरली तीच तणतणत. डबा ओट्यावर आपटला.

"चौदा शर्ट बाद केले मी आज. चौदा! एकोणीस वर्षांत कधी झालं नव्हतं. तुझ्यामुळे."

"मी काय केलं?"

"मेकॅनिकला सांगितलं मी काल, सात नंबरचं पेडल उशिरा ऐकतं म्हणून. तो म्हणाला, मावशी, एवढी वर्षं बोलला का नाहीत? अर्ध्या तासात त्यानं कसलीशी स्प्रिंग बदलली. आणि आज मी पाय ठेवायच्या आधी सुई खाली! सुपरवायझर माझ्याकडे बघतोय, बायका बघताहेत. शेवटी मला उठवलं आणि त्या नव्या पोरीला बसवलं सातवर."

"मग?"

आई खुर्चीत बसली, चपला काढल्या, पायाची बोटं चोळली.

"मग काय? संध्याकाळपर्यंत एक काज वाकडं नाही तिचं." तिनं दुसरा पाय चोळायला घेतला. "मी म्हटलंच होतं, हात चांगला आहे पोरीचा."

मी तिला पाणी दिलं. अर्धं पिऊन तिनं ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं जणू एकोणीस वर्षं ते पेडल मीच अडवून धरलं होतं.

"ऐक. त्या बाईंचा तो घाई करणारा टुणुक उद्या घरी आण. चार दिवस लागतील मला. सवय मोडायची आहे."